हार नकोत, पुस्तकं आणा

माझी सून एका दूध संस्थेच्या चेअरमनांची प्रसिद्धी बघते. म्हणजे नेमकं काय करते, हे कळायला मला चार वर्षं लागली. तिच्या नेमणुकीच्या कागदावर जनसंपर्क अधिकारी असं लिहिलंय. गल्लीत तिला पेपरवाल्या वैनी म्हणतात. चेअरमननी कुठं फीत कापली, कुणाला शाल घातली, कुणाच्या मयताला गेले, हे दुसऱ्या दिवशी पेपरात आलं पाहिजे, ही तिची नोकरी. चेअरमन काय बोलले तेही तीच लिहिते, आणि पुष्कळदा चेअरमन बोलायच्या आधीच ते लिहून झालेलं असतं.

शोकसंदेशसुद्धा ती आधी लिहून ठेवते. जिल्ह्यातला कोण पुढारी किती आजारी आहे, याची तिला डॉक्टरपेक्षा जास्त माहिती. एकदा मी विचारलं, "माझा लिवलास काय गं?"

"सुरुवात केल्ती आत्या," ती म्हणाली. आमच्याकडं सुना सासूला आत्याच म्हणतात. "पण तुमचं पंधरा ओळीत आवरंना."

हे कौतुक होतं का तक्रार, ते मी विचारलं नाही.

तिचं माहेर वारणानगरचं. वडील साखर कारखान्यात होते. कॉलनीतल्या दोन खोल्यांत वाढलेली पोरगी, पण लग्नात तिच्याबरोबर भांड्यांपेक्षा पुस्तकांची खोकी जास्त आली. मला वाटलं फराळाचं असेल. माझ्या जावेनं वजन करून बघितलं आणि म्हणाली, "लाडू चांगले घट्ट वळलेत." खोकं फोडलं तर आत पुस्तकं. पाहुण्यांत माझी चांगलीच शोभा झाली. मी चौथी पास. आमच्या घरात तोवर छापील म्हणजे कॅलेंडर आणि विजेचं बिल.

ती वाचायला बसली की घरात कोण आलं, कोण गेलं, तिला पत्ता नसतो. एका हातात पळी, एका हातात पुस्तक. आमटी करपलेली मी खाल्ली आहे. दूध उतू गेलेलं तर सांगायलाच नको, आणि नोकरी दूध संस्थेत. मी ओरडले तर म्हणायची, "एकच पान राहिलंय की आत्या." ते एक पान कधी संपलेलं मी बघितलं नाही.

पुस्तकांना कव्हर घालायची तिला भारी हौस. पण ब्राऊन पेपर टिकत नाही म्हणून तिनं वेगळीच तऱ्हा काढली. चेअरमनच्या वाढदिवसाचे, निवडीचे, अभिनंदनाचे फ्लेक्सचे डिजिटल बोर्ड उतरवले की लोक ते गोठ्यावर टाकतात, सरपणावर झाकतात. ही त्यातलं पातळ बघून घरी आणायची, कात्रीनं कापायची आणि पुस्तकांना चढवायची. पावसाचं पाणी लागत नाही, तेलाचा हात लागला तर पुसता येतो. त्यामुळं तिच्या कपाटातल्या प्रत्येक पुस्तकावर चेअरमनचा एकेक तुकडा आहे. कुठं अर्धी मिशी, कुठं जोडलेले हात, कुठं घड्याळासकट मनगट. एका जाड पुस्तकावर नुसता कान आहे. एकावर फक्त "हार्दिक" एवढंच आलंय. कपाट उघडलं की माणूस तुकड्यातुकड्यानं आपल्याकडं बघतोय असं वाटायचं. मी बरेच दिवस त्या कपाटाकडं पाठ करून भाकरी खात होते.

आता प्रसिद्धीच्या कामातली एक गोष्ट. पेपरवाले विचारतात, चेअरमनचे छंद काय. खरं सांगायचं तर चेअरमनला जेवणे आणि झोपणे सोडून छंद नाही. म्हशीची पारख मात्र चांगली आहे, तेवढं कबूल करते. पण असं छापता येत नाही. म्हणून ही आपलेच छंद चेअरमनच्या नावावर लिहायची. चेअरमनना पहाटे धुक्यात पन्हाळ्यावर फिरायला आवडतं. ते आवडतं हिला. चेअरमनना जुन्या पुस्तकांचा वास आवडतो. चेअरमनना बिनसाखरेचा कोरा चहा लागतो. झालं, हे छापून आल्यावर ते जातील तिथं लोक त्यांच्यापुढं कोरा चहा ठेवायला लागले. चेअरमन पाच चमचे साखर घालणारा माणूस. एकदा आमच्या दारात येऊन म्हणाले, "वैनी, तेवढ्या चहाचं कायतरी दुरुस्त करा. चार महिने झाले, तोंड कडू पडलंय."

"पेपरात दुरुस्ती छापली तर बरं दिसत न्हाई साहेब," ही म्हणाली. मी आतून त्यांना दुधाचा गोड चहा आणून दिला. त्यांनी उभ्याउभ्याच प्याला.

दोन वर्षांमागं चेअरमनची एकसष्टी झाली. एकसष्टी म्हटली की आमच्याकडं गौरवग्रंथ निघतो. तो अर्थातच हिनं लिहिला. साडेतीनशे पानं. बालपण, संघर्ष, सायकलवरचे कॅन, संस्थेची वाटचाल, चेअरमनचं मनोगत, मान्यवरांचे दोन शब्द. मान्यवरांचे दोन शब्दही हिनंच लिहिले, नुसत्या सह्या त्यांच्या. संस्थेच्या प्रत्येक सभासदाला एकेक प्रत स्टेजवर बोलावून दिली. पहिल्या पानावर हिच्या हातानं सभासदाचं नाव आणि "सप्रेम भेट". लोकांनी ती घरी नेली आणि टीव्हीच्या मागं, देव्हाऱ्याच्या वर, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली. कुणी उघडली म्हणून ऐकलं नाही.

मी मात्र वाचली. मी संस्थेची जुनी सभासद, दोन म्हशी होत्या माझ्या, तेव्हा मलाही प्रत मिळाली होती. त्याच साली न्हाणीत घसरून माझा पाय मोडला. दीड महिना माडीवरच्या खोलीतून खाली उतरता येईना. टीव्ही खाली. सुनेची पुस्तकं उशाला होती, पण त्यातली माणसं माझ्या ओळखीची नव्हती. चेअरमन ओळखीचे. कॅन घेऊन माझ्या दारात यायचे तेव्हा त्यांच्या सायकलीला घंटीसुद्धा नव्हती. म्हटलं बघू या तरी कायकाय थापा लिहिल्यात. बोट ठेवून, एकेक ओळ करत वाचली. संपल्यावर पाय अजून प्लास्टरमध्येच होता, म्हणून परत वाचली.

खोट्यात किती खरं आहे ते मला कळत होतं. दुसऱ्या खेपेला तर अशी ठिकाणं कळली, की जिथं चेअरमन संपतात आणि माझी सून सुरू होते.

आता हॉलची भानगड. संस्थेची इमारत आमच्या घराला लागून आहे. खाली लोक दूध घालायला येतात, वर एक मोठा हॉल रिकामा. हॉलची भिंत आणि माझ्या खोलीची भिंत एकच. चेअरमनच्या पुतण्याला तिथं जिम काढायची होती. कशी चालते बघू या म्हणून त्यानं महिनाभर काढलीही. तिकडं लोखंड आदळलं की इकडं माझ्या फळीवरचा तांब्या सरकत सरकत कडेला यायचा. वर ती गाणी. रोज पहाटे साडेपाचला.

सुनेला त्याच हॉलमध्ये वाचनालय पाहिजे होतं. आज नाही, नोकरीला लागल्यापासून. गल्लीतल्या पोरींना अभ्यासाला जागा नाही, बायकांना दुपारी टेकायला जागा नाही, असं ती सारखी चेअरमनना सांगायची. तिच्या आयुष्यात तिनं दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही. माझ्या मुलाकडं साडीसुद्धा मागत नाही, आणि तो न मागता आणणाऱ्यातला नाही.

यंदा वाढदिवस जवळ आला तशी तिनं चेअरमनना गाठलं. मी तिथंच दुधाच्या रांगेत होते.

"साहेब, यंदा बोर्डावर लिवू या. हार नकोत, पुस्तकं आणा. नाव हुईल तुमचं."

"लोक आणतील व्हय पुस्तकं?"

"आणतील की. तुमच्यासाठी न्हाई आणणार?"

चेअरमनला हे पटलं. पण पुतण्या शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "काका, किती येतील तेवढं ठरवा. न्हाईतर पाच पुस्तकं यायची आन् हॉल जायाचा."

मग तिथंच ठरलं. पाचशे पुस्तकं आली तर हॉल वाचनालयाला. एक जरी कमी आलं तर जिम. चेअरमननी काट्यावर हात ठेवून सांगितलं. दूध मोजायच्या काट्यावर हात ठेवून सांगितलेलं ते मोडत नाहीत, हा एक गुण आहे.

बोर्ड लागले. चौकात, स्टँडकडं जाणाऱ्या रस्त्याला, पंचगंगेच्या पुलाकडं. चेअरमनचे जोडलेले हात आणि खाली मोठ्या अक्षरात, हार, शाल, नारळ नकोत, पुस्तकं आणा. सुनेची झोप उडाली. कपाटासमोर उभी राहायची आणि बोटांवर हिशोब करायची, सभासद इतके, पाहुणे इतके, माहेरचे इतके.

"न्हाई जमलं तर काय करशील?" मी विचारलं.

"राजीनामा देतो," ती म्हणाली. आमच्या भागात बायकाही देतो-घेतोच म्हणतात. "परत कुणाला वाचन आवडतंय असं लिवणार न्हाई."

वाढदिवसाला त्याच हॉलमध्ये स्टेज घातलं. चेअरमन स्टेजवर सोफ्यात. दाराशी टेबल, टेबलावर रजिस्टर, सून इस्त्रीची साडी नेसून बसलेली. येणाऱ्यानं पुस्तक द्यायचं, तिनं नाव लिहायचं, शिक्का मारायचा. मी जुन्या सभासदांच्या रांगेत पुढंच, अशी की दोन्हीकडचं दिसावं.

पहिला माणूस आला. पिशवीतून गौरवग्रंथ काढला आणि टेबलावर ठेवला. सून हसली, लिहून घेतलं. दुसरा आला. गौरवग्रंथ. तिसऱ्या बाईनं पदराखालून काढला. गौरवग्रंथ, त्यावर जोतिबाचा गुलाल, म्हणजे देव्हाऱ्यातला. चौथ्याच्या प्रतीवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नव्हतं.

दहाव्याला सुनेचं हसू गेलं. "काका, अहो हे न्हाई. दुसरं कुठलंतरी पुस्तक."

"दुसरं कशाला?" तो माणूस मनापासून म्हणाला. "चेअरमनच्या वाढदिवसाला चेअरमनचंच द्यायाचं, न्हाईतर कुणाचं द्यायाचं वैनी? बरं दिसतंय का ते?"

मागची बाई म्हणाली, "आमच्या घरात तेवढंच हाय बघ बाई. तूच दिलतंस की."

आणि ते खरंच होतं. तिनंच दिलं होतं, तिच्याच हातानं नावं लिहून. आता ती नावं एकेक करून परत तिच्याकडं येत होती. रजिस्टरच्या पहिल्या ओळीत तिनं ग्रंथाचं नाव पूर्ण लिहिलं होतं. खाली "वरीलप्रमाणे". त्याच्या खाली नुसत्या दोन रेघा. मग पानभर रेघाच रेघा. मधेच कुठं दुसरं आलं की तिचा जीव जरा भांड्यात पडायचा. कुकरबरोबर येतं ते पाककृतींचं पुस्तक. सातवीचा भूगोल. म्हशीच्या कासदाहाची माहिती, संस्थेनंच वाटलेली. गेल्या सालचं पंचांग. एका निवृत्त मास्तरनी मात्र धोतराच्या कापडात बांधून चांगली वीस पुस्तकं आणली. ती बघून ही इतकी गहिवरली की मास्तर घाबरून पाणी प्यायला निघून गेले.

स्टेजवर चेअरमन खुशीत. चष्मा खिशात होता, त्यामुळं त्यांना एवढंच दिसत होतं की लोकांनी रांग लावली आहे आणि टेबलावर ढीग चढतोय. मधेच मोठ्यानं म्हणाले, "बघा, माझ्या शब्दाला लोक किती मान देतात."

शेवटी मोजणी झाली. पाचशे बारा. सून उठून उभी राहिली. पण पुतण्या तयारीतच होता. त्यानं माईक घेतला आणि म्हणाला, "पाचशे बारा हायत, व्हय. पण ही पाचशे पुस्तकं न्हाईत. एकच पुस्तक पुन्यांदा पुन्यांदा आलंय. येगळी मोजली तर चाळीस न्हाईत. येकाच पुस्तकाचं वाचनालय काढायचं काय?"

लोक हसले. चेअरमननी चष्मा चढवला, ढिगाकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. गौरवग्रंथ परत आला हे त्यांना तेव्हा कळलं. ते पुतण्याकडं बघायला लागले. मी त्या माणसाला चाळीस वर्षं ओळखते. आता हा काट्यावरचा शब्द मोडणार नाही, पण वळवणार, हे मला दिसलं. सून खाली मान घालून रजिस्टर मिटत होती.

माझ्या डोळ्यांपुढं फळीवरचा तांब्या आला. मी उठले.

"चेअरमन, मला बोलायचंय. मी जुनी सभासद हाय."

"बोला की मावशी."

"त्या ढिगातलं एक घ्या. पान चौऱ्याण्णव काढा. आन् मोठ्यानं वाचा."

सुनेनं मान वर केली. तिचा रंग उडाला. तिला पान माहीत होतं.

चेअरमननी एक प्रत घेतली. प्लॅस्टिकवाली निघाली, तिचं प्लॅस्टिक पुतण्यालाच फाडून द्यावं लागलं. पान काढलं, माईक जवळ घेतला आणि वाचायला लागले. सावकाश, अडखळत, कारण ते पान त्यांच्या डोळ्यांखालून पहिल्यांदाच जात होतं. "लहानपणी मला पुस्तक मिळालं नाही. कॅन वाहताना शाळेच्या खिडकीतून वाचण्याचा आवाज यायचा आणि मी सायकल हळू करायचो. माझं आयुष्यभराचं एकच स्वप्न आहे. संस्थेच्या वरच्या हॉलमध्ये माझ्या गल्लीसाठी वाचनालय व्हावं. ते माझ्या हातून झालं नाही तर माझी सारी वाटचाल अपुरी राहील."

चेअरमननी ओळ परत वाचली, माईकशिवाय. मग चष्मा काढला आणि डोळे पुसले. स्वतःचं आयुष्यभराचं स्वप्न त्या माणसाला त्या दिवशी कळलं आणि ते त्याला फार आवडलं.

"माझं सपान हाय हे," ते पुतण्याला म्हणाले. "छापलेलं हाय."

"काका, पण मशिनी सांगितल्यात..."

"पेंडीच्या शेडमध्ये लाव तुझी मशिनी. आयुष्यभराचं म्हणतोय मी, तुला कळतंय का?"

टाळ्या झाल्या. पण चेअरमन शेवटी चेअरमन. पंधरा दिवसांत फळ्या वेगवेगळ्या पुस्तकांनी भरून दाखवा, अशी अट त्यांनी वर घातलीच, पुतण्याचंही मन राखायला.

घरी आल्यावर सून स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. "आत्या, ते पान मी जागा भरायला लिवलं होतं. मजकूर कमी पडालता."

"ठाऊक हाय मला. त्या माणसानं सायकल कधी हळू केली न्हाई. माझी कोंबडी गेली त्याच्या चाकाखाली."

ती हसली, मग कपाटासमोर जाऊन बसली आणि रडायला लागली. वेगळी पुस्तकं पंधरा दिवसांत आणणार कुठून, तर एकच ठिकाण होतं. मी चहा टाकला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. चहा पिऊन तिनं खोकी काढली, लग्नात आलेली तीच.

वाचनालय उघडलं त्या दिवशी चेअरमन फळ्यांपुढं आले आणि थबकले. अर्धी मिशी, मनगट, कान.

"काका, ह्ये तुमचं नाक," पुतण्या म्हणाला. चांगलाच मोठ्यानं.

मला वाटलं, आता गेली हिची नोकरी. चेअरमननी नाकाचं पुस्तक काढलं, उलटसुलट केलं. मिशीचं काढलं. मग मागं सरून सगळी भिंत बघितली. "सगळीकडं मीच की," ते म्हणाले, आणि आजतागायत आले की कानाचं पुस्तक पुढं ओढून ठेवतात.

राहिले ते जवळपास पावणेपाचशे गौरवग्रंथ. ते टाकता येईनात, ठेवता येईनात. सुनेनं नियम केला. एक पुस्तक घरी न्यायचं तर सोबत एक गौरवग्रंथ न्यायचा, आणि परत करताना दोन्ही आणायची. लोक निमूट नेतात, निमूट आणतात. ती आपल्या प्रत्येक पुस्तकाची पानं मोजून घेते, डाग बघते, नेणाऱ्याला पोलिसासारखं विचारते. गौरवग्रंथाकडं बघतही नाही. तीन महिन्यांनी तिनं रजिस्टर काढून बातमी केली: वाचनालयातून सर्वाधिक वेळा नेलेलं पुस्तक चेअरमनांचं चरित्र. त्यात एक अक्षर खोटं नाही. चेअरमननी ते कात्रण लॅमिनेट करून घेतलं.

मी दुपारी तिथं जाऊन बसते. पंखा चांगला आहे. मिशीचं पुस्तक निम्मं झालंय, त्यातली माणसं आता ओळखीची व्हायला लागलीत.

परवा चेअरमन आले ते सुनेजवळ बसून म्हणाले, "वैनी, लोकांची एवढी मागणी हाय तर दुसरा भाग काढू या." ती माझ्याकडं बघायला लागली. ते गेल्यावर मी तिला म्हटलं, "लिव. आन् आमच्या न्हाणीमागची गटार बांधून काढायची, हे त्याचं लहानपणापासूनचं सपान हाय, तेवढं घाल."

तिनं घातलंय. मी तपासलं. पान एकशे तीन.